एकच विद्यार्थी दोनदा मोजू नये

सरांनी राजीनामा लिहायला घेतला आणि तो साडेतीन पानांचा झाला. पहिल्या पानावर प्रास्ताविक, दुसऱ्यावर चौदा वर्षांच्या अध्यापनाचा आढावा, तिसऱ्यावर उच्च शिक्षणाच्या सद्यस्थितीबद्दल काही निरीक्षणं, आणि उरलेल्या अर्ध्या पानावर, जागा शिल्लक होतीच म्हणून, आपण नोकरी सोडत असल्याचा उल्लेख. खाली तीन संदर्भ दिले होते. इतिहासाचा माणूस राजीनामासुद्धा पुराव्याशिवाय देत नाही.

कॉलेजच्या हेडक्लार्कनी चारही कागद शांतपणे वाचले, टाचणी नीट केली आणि परत सरांच्या हातात ठेवले.

"हे घेता येणार नाही, सर."

"का? मुदत चुकली का?"

"मुदतीचं नाही. राजीनामा द्यायला आधी नोकरी असावी लागते."

मुद्दा बिनतोड होता. सर त्या कॉलेजात तासांवर शिकवत होते. तासांवर म्हणजे दरवर्षी अकरा महिन्यांची नेमणूक, बाराव्या महिन्यात माणूस घरी, आणि मग नवा अर्ज, नवी मुलाखत. मुलाखतीला तेच तिघे बसलेले असत आणि शिकवण्याचा काही अनुभव आहे का, हा प्रश्न दरवर्षी विचारत. कागदोपत्री सर चौदा वेळा नव्याने लागले होते आणि तेरा वेळा आपोआप संपले होते.

"दोन महिने थांबा," हेडक्लार्क म्हणाले, "आपोआप जाल."

पण सरांना थांबता येत नव्हतं. एका सॉफ्टवेअर कंपनीने त्यांना घेतलं होतं आणि आधीची जागा सोडल्याचा कागद आणल्याशिवाय कंपनी आत घेईना. इकडे कॉलेज म्हणे, हे इथे नव्हतेच तर सोडल्याचा कागद कसा द्यायचा? इथेच घोडं पेंड खात होतं. सरांनी आठ दिवस हेलपाटे घातले, तेव्हा कुठे हेडक्लार्कनी आपल्या अक्कलहुशारीने एक मजकूर तयार केला: "प्रमाणित करण्यात येते की सदर इसम या महाविद्यालयाच्या कायम आस्थापनेवर कधीही नव्हते, सबब ते आता येथे नाहीत." खाली गोल शिक्का. चौदा वर्षांच्या सेवेचं हे एकमेव प्रमाणपत्र सरांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी नेलं. त्या दिवसापासून ते हेडक्लार्कना मनातल्या मनात 'तो शिक्का' म्हणू लागले.

कॉलेजात सरांना एकच जवळचा माणूस होता. तोही चौदा वर्षं तासांवरच होता आणि तत्त्वज्ञान शिकवत होता. टेबलाचे खण फक्त कायम लोकांना मिळत; कुणा मेलेल्या प्राध्यापकाचा एक खण या दोघांनी वाटून घेतला होता, डावी बाजू इतिहासाची, उजवी तत्त्वज्ञानाची. एकमेकांना ते विषयानेच हाक मारत.

"जा तू, इतिहास," मित्र म्हणाला होता. "कायम करायचं म्हटलं की त्यांना दोघांपैकी कुणाला करायचं हे ठरवता येत नाही, म्हणून ते कुणालाच करत नाहीत. एक गेला तर दुसऱ्याची फाइल तरी हलेल."

आणि खरंच, सर गेल्यावर दीड महिन्यात ती फाइल हलली. कायम हा शब्द या दोन माणसांसाठी काय होता हे कायम असलेल्या माणसाला सांगून कळणार नाही. बाराव्या महिन्यात भाजीवाल्यासमोर उभं राहताना जे वाटतं, मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर बापाच्या व्यवसायापुढे पेन जसं अडतं, ते संपणार होतं. मित्राची फाइल वर सरकत होती, आणि सरांना कंपनीने सहा महिन्यांचा परीक्षाकाल दिला होता. सहा महिने नीट पार पडले की सर कायम. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी वर्षभर संध्याकाळच्या क्लासात विशीतल्या पोरापोरींच्या बाकावर बसून ते प्रोग्रॅमिंग शिकले होते, ते याच एका शब्दासाठी.

कंपनी टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर होती. जिन्याला रबराचा वास यायचा आणि वर काचेच्या खोल्यांत माणसं कानात बोळे घालून बसायची. तिथे सगळ्यांनी एकमेकांना नावाने हाक मारायची असा नियम होता. सरांना मात्र नावाने हाक मारायला कुणाची जीभ रेटेना. त्यामुळे सत्तावीस वर्षांची टीम लीड त्यांना झापायची तेही 'सर' म्हणूनच झापायची.

रोज सकाळी सगळ्यांनी गोल उभं राहून, काल काय केलं आणि आज काय करणार, हे सांगायचं असे. माणूस बसला की लांबण लावतो म्हणून उभं राहायचं. ही युक्ती ज्याने काढली त्याने आयुष्यात मास्तर पाहिलेला नसावा. समोर दहा चेहरे दिसताच सरांची पाठ ताठ झाली, हात मागे गेले, आणि पहिल्याच दिवशी ते अठ्ठेचाळीस मिनिटं बोलले. त्यातली शेवटची तीन मिनिटं उजळणीची होती. "काही शंका?" असं त्यांनी विचारलं तेव्हा एकाने हात वर केला आणि, बाहेर जाऊ का, असं विचारलं.

"सर, एक मिनिट," टीम लीड म्हणाली. "उद्यापासून फक्त एक मिनिट."

प्रोग्रॅममध्ये अशा ओळी लिहायची सोय असते ज्या यंत्र वाचत नाही, फक्त माणसासाठी असतात. या सोयीचा शोध लागल्यावर सरांना माहेरी आल्यासारखं वाटलं. बारा ओळींचा प्रोग्रॅम आणि खाली नव्वद ओळींच्या टिपा, असं ते लिहू लागले. शेजारच्या टेबलावरच्या डेव्हलपरने इंटरनेटवरून वीस ओळी उचलून डकवल्या, तर सरांनी त्याला बाजूला घेऊन वाङ्मयचौर्याबद्दल समजावलं. तो हसला. मग सरांनी त्या ओळी मुळात लिहिणाऱ्या परदेशातल्या गृहस्थाला परवानगीसाठी पत्र घातलं. गृहस्थाने कळवलं की त्यानेही त्या कुणाकडून तरी घेतल्या होत्या आणि त्यांत एक चूक आहे, हे त्याला आत्ता आठवलं. चूक निघाली. कंपनीत सरांना जरा मान मिळू लागला, आणि मान मिळाला की मास्तर बेसावध होतो.

घरी वेगळीच तऱ्हा. वरच्या मजल्यावरच्या काकांनी चौदा वर्षांत सरांना एका लढाईचं साल विचारलं नव्हतं. सॉफ्टवेअर म्हटल्यावर तिसऱ्या दिवशी ते प्रिंटर छातीशी धरून जिना उतरले.

"तुमच्याच लायनीतला आहे. कागद खातो."

"काका, मी प्रिंटर दुरुस्त करत नाही. मी प्रोग्रॅम लिहितो."

"मग लिहा की याच्यासाठी एखादा. आणि या वयात मेंदू आखडतो, बरं का. पाय भिंतीला वर लावून पडत जा. रक्त डोक्याकडे जातं."

सरांची बायको एका प्रयोगशाळेत लोकांची रक्तं तपासायची. ती आतून म्हणाली, "रक्त जिथे जायचं तिथे जातं. तू तो प्रिंटर परत दे." सरांनी भिडेपोटी ठेवून घेतला आणि उघडून पाहिला. तो आधी कागद खात होता, नंतर काहीच खाईनासा झाला. काकांनी जिन्यात बोलणं सोडलं.

पाचव्या महिन्यात काम आलं ते सरांच्या जुन्या कॉलेजच्या संस्थेचंच. संस्थेची सात कॉलेजं होती आणि कुठल्या विषयाला किती विद्यार्थी, म्हणून किती शिक्षक, याचा तक्ता दरवर्षी हेडक्लार्क पेन्सिलीने करत. आता तो संगणकाने करायचा होता.

"तुम्ही त्यातलेच आहात," टीम लीड म्हणाली. "हे नीट झालं की परीक्षाकाल संपला असं धरून चाला. आणि सर, नियमपुस्तिका चौदा पानांची आहे. त्यात आहे तेवढंच करायचं."

नियम सोपा होता. विषयाला किमान पंधरा विद्यार्थी हवेत; नसतील तर पद नाही. पण नवव्या पानावर 'विद्यार्थीसंख्या' या शब्दाच्या डोक्यावर एक बारीकसा एकाचा आकडा होता आणि पानाच्या तळाशी टीप नव्हती. दुसऱ्या कुणाला तो माशीने केलेला ठिपका वाटला असता. सरांच्या अंगावर काटा आला. आकडा आहे म्हणजे कधीतरी टीप होती. ही पुस्तिका तिसऱ्या आवृत्तीची. दुसरी मिळवली, तिच्यातही आकडा होता, टीप नव्हती. पहिली आवृत्ती कुठेच मिळेना. सरांनी तीन दिवस रजा टाकून सार्वजनिक ग्रंथालयाचं तळघर उपसलं, शिंका देऊन देऊन डोळे लाल केले, आणि तिसऱ्या दिवशी जेवायच्या सुटीआधी त्यांना ती सापडली. टीप अशी होती: "एकाच विद्यार्थ्याने दोन विषय घेतले असल्यास तो ज्या विषयाचे तास अधिक त्याच विषयात मोजावा. एकच विद्यार्थी दोनदा मोजू नये."

सरांना इतका आनंद त्यांच्या पीएचडीच्या दिवशीही झाला नव्हता.

"क्लायंटने मागितलंय का हे?" टीम लीडने विचारलं.

"मागितलेलं नाही, कारण त्यांना माहीतच नाही."

"मग आपण कशाला सांगायचं?"

"खरं आहे म्हणून."

"सर, आमच्या धंद्यात न मागितलेलं खरं म्हणजे घोटाळाच असतो."

पण सर हटेनात. दोन दिवस त्यांनी असा पिच्छा पुरवला की तिने हात टेकले. "घाला. पण खाली टीप लिहा. उद्या कुणी विचारलं तर मला उत्तरं द्यायला लावू नका." सरांना एवढंच हवं होतं. एका ओळीच्या नियमाखाली त्यांनी एकशे चाळीस ओळी लिहिल्या. परीक्षक कुठून शिरेल याचा चौदा वर्षांचा विचार त्यांत होता. हरकतीची एकेक वाट त्यांनी आधीच बुजवून टाकली.

चाचणीच्या माहितीत विषयांना नावं नव्हती, क्रमांक होते. विषय ११४ ला नऊ विद्यार्थी निघाले आणि त्याचं पद गेलं, तेव्हा प्रोग्रॅम बरोबर चालतोय म्हणून सर खूश झाले. ११४ म्हणजे कोण, हे त्यांनी विचारलं नाही. एका बारीक आकड्यापायी तळघरात तीन दिवस काढणाऱ्या माणसाला हा आकडा दिसला नाही, हे सांगताना बरं वाटत नाही, पण झालं ते असं झालं.

प्रात्यक्षिकाला संस्थेचे सचिव स्वतः आले. खरी माहिती भरली गेली आणि पडद्यावर क्रमांकांच्या जागी नावं उमटली. सात कॉलेजांत मिळून तेवीस पदं लाल झाली. त्यांतली एक ओळ सरांच्या जुन्या कॉलेजची होती: तत्त्वज्ञान, विद्यार्थी नऊ, पदं शून्य.

"वा!" सचिव म्हणाले. "पेन्सिलीला हे कधी दिसलंच नाही."

"याला काही मर्यादा आहेत," सर कसेबसे म्हणाले. "म्हणजे, संयुक्त वर्ग असतील तर…"

"त्याचं उत्तर इथे आहे ना," सचिवांनी टीप उघडून दाखवली. "ओळ बासष्ट. फार छान लिहिलंय. कुणी लिहिलं हे?"

सगळ्यांनी कौतुकाने सरांकडे पाहिलं.

घरी आल्यावर सरांनी बूट न काढताच बायकोला सगळं सांगितलं. तिने हातातलं काम थांबवलं.

"ती ओळ काढता नाही येणार?"

"एक ओळ आहे, काढता येईल. पण नियम खरा आहे. आता सचिवांनाही माहीत झालाय."

"त्याला सांगितलंस?"

"अजून पदं गेल्याची पत्रं निघालेली नाहीत. कदाचित निघणारही नाहीत."

"हे बघ," ती म्हणाली, "आमच्याकडे वाईट रिपोर्ट आला की आकडा बदलता येत नाही. पण पेशंटने पाकीट फोडायच्या आत त्याला फोन करता येतो. तेवढं तरी कर."

सरांनी लगेच फोन लावला. पलीकडून मित्राचा आवाज आला तोच उड्या मारत. "अरे, मीच करणार होतो तुला! फाइल सचिवांच्या टेबलावर पोचली म्हणे. तुझं कधी?"

"होईल," सर म्हणाले. मग ते हवेबद्दल बोलले, मुलीच्या परीक्षेबद्दल बोलले, हेडक्लार्कचा खोकला कसा आहे ते विचारलं आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन हातात घेऊन खाली ठेवला. चौथ्या दिवशी बायकोने विचारलं नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही. भित्रेपणाला माणूस योग्य वेळ असं नाव देतो. सर योग्य वेळेची वाट बघत होते.

पाचव्या दिवशी मित्राचाच फोन आला.

"पत्र आलंय. पाच पानी आहे. मागची चार पानं तुझी ना?"

संस्थेने सरांची टीप जशीच्या तशी तेवीस पत्रांना जोडली होती.

"हो," सर म्हणाले.

"ओळखलं. 'प्रस्तुत नियमाचा आशय निःसंदिग्ध असून' असं हल्ली दुसरं कोण लिहितंय! चांगलं लिहिलंयस." मग त्याने विचारलं, "तू गेल्या आठवड्यात दोनदा फोन केलास. तेव्हा माहीत होतं तुला?"

"हो."

"बरं," मित्र म्हणाला, आणि फोन बंद झाला.

सर त्याच दुपारी कॉलेजात गेले. हेडक्लार्क टेबल आवरत होते. पेन्सिली एका डब्यात, पट्ट्या दुसऱ्या डब्यात. तक्ता आता यंत्र करणार होतं. सरांनी दारातूनच विचारलं, "ती पहिल्या आवृत्तीतली टीप तुम्हाला माहीत नव्हती का?"

"बसा, सर. माहीत होती."

"मग?"

"दुसरी आवृत्ती छापली तेव्हा प्रुफं माझ्याकडे होती. नवीनच लागलो होतो. ती टीप पानात बसत नव्हती." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "म्हणजे, बसत होती. वरचा आकडा तेवढा काढायचा राहून गेला. तीस वर्षं कुणाच्या डोळ्यांत आला नाही."

हेडक्लार्कनी डबा बाजूला ठेवला.

"तुमच्या इतिहासाला दरवर्षी किती पोरं असायची, सर?"

"अठरा. कधी वीस."

"अकरा. बाकीची अर्थशास्त्राची. तिकडेही मोजायचो, तुमच्याकडेही मोजायचो."

सर खुर्चीत बसले ते बसलेच. चौदा वर्षं त्यांना वाटत आलं होतं की आपण कसं का होईना, पण आपल्या विद्वत्तेवर टिकून आहोत. टिकवलं होतं ते या माणसाच्या पेन्सिलीने, आणि त्यानेच त्यांना 'सदर इसम' म्हणून कागद दिला होता, कारण त्यापेक्षा जास्त लिहिलं असतं तर कुणीतरी मोजायला बसलं असतं. सरांना स्वतःची इतकी लाज आधी कधी वाटली नव्हती.

"पत्राविरुद्ध हरकत घेता येते," हेडक्लार्क म्हणाले. "सात दिवसांची मुदत आहे. तुमच्या मित्राला घ्यायला सांगा."

हरकत संगणकावरूनच घ्यायची होती आणि ज्याने तो भाग लिहिला त्याच्याकडेच ती निर्णयाला येई. म्हणजे सरांकडे. उत्तर मिळालं की हरकतदाराने उत्तराला एक ते पाच तारे द्यायचे, आणि त्या ताऱ्यांची नोंद उत्तर देणाऱ्याच्या परीक्षाकालाच्या कागदांत व्हायची. ती खिडकी सरांनीच केली होती. तीनपेक्षा कमी तारे देणाऱ्याने कारण लिहिलंच पाहिजे, हा आग्रहही त्यांचाच. विनाकारण मताला मत म्हणू नये, असं ते म्हणाले होते. माझं कायम होणं आता अनोळखी लोकांच्या ताऱ्यांवर आहे, अशी रडगाणी त्यांनी तेव्हा मित्रापाशीही गायली होती.

एकोणीस हरकती आल्या. एकाने सरांचे पूर्वज काढले होते, एकीने चौदा दाखले जोडले होते. अठरांना सरांनी नकार कळवला; शेवटची मित्राची होती.

"माझ्या वर्गात नऊ विद्यार्थी आहेत आणि आणखी आठ असे, ज्यांना आपण मानसशास्त्रात मोजता. त्यांतली एक मुलगी रोज पहिल्या बाकावर बसते. दोन विषय घेतले म्हणून ती माझ्या वर्गात अर्धी बसत नाही. पूर्ण बसते, प्रश्न पूर्ण विचारते, आणि मला उत्तरही पूर्णच द्यावं लागतं. तिला एकदाच मोजायचं असेल तर माझी हरकत नाही. पण शिकवायचं तिला दोनदा लागतं. हे आपल्या नियमात कुठे बसतं?"

सरांनी ते चार वेळा वाचलं. एकशे चाळीस ओळींत त्यांनी सगळ्या वाटा बुजवल्या होत्या आणि हा माणूस भिंतीतून आला होता. खाली उत्तराला दोन पर्याय होते: 'चूक आढळली' आणि 'चूक आढळली नाही'. सर टीम लीडकडे गेले.

"तिसरा पर्याय हवा."

"कोणता?"

"चूक नाही, पण चुकलंय."

तिने येऊन त्यांच्या पडद्यावरची हरकत वाचली. दोनदा वाचली. "तुमचे कोण हे?" तिने हळू आवाजात विचारलं. सरांनी सांगितलं. "सर, 'चूक आढळली' दाबलंत तर यांचं पत्र मागे जाईल, निदान वर्षभर तरी. पण मग चूक कुणाची, तर तुमची. आणि उद्या तुमच्या कायमची मीटिंग आहे. काय करायचं ते मी सांगत नाही." जाताना तिने त्यांच्या टेबलावर पाण्याची बाटली आणून ठेवली.

सर सहा वाजेपर्यंत पडद्याकडे बघत बसले. माणसं बॅगा उचलून निघू लागली. प्रोग्रॅममध्ये चूक नव्हती. चूक आहे असं म्हणणं खोटं होतं, आणि खोटं कधी लिहिलं नाही याचा सरांना अभिमान होता. शिवाय उद्या मीटिंग होती. सत्यासाठी त्यांनी ते बटण दाबलं की स्वतःसाठी, हे पुढे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नाही. 'चूक आढळली नाही.' खालच्या चौकटीत शंभर अक्षरं मावत होती. सरांनी 'नियमानुसार. क्षमस्व.' एवढंच लिहिलं आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी अठरा जणांचा एकेक तारा आला होता. त्यांची कारणं वाचण्यासारखी नव्हती. एकाने पाच दिले होते.

"नकार मिळाला की एकच तारा देतात, ते आम्ही धरतच नाही," टीम लीड मीटिंगमधून बाहेर येऊन म्हणाली. "पण नकाराला पाच तारे या कंपनीत कुणाला मिळालेले नाहीत. मालक म्हणाले, असा माणूस सोडायचा नाही. अभिनंदन, सर. तुम्ही कायम." पाच तारे कुणाचे ते तिने पाहिलं होतं. टाळ्या वाजवताना ती सरांकडे बघत नव्हती.

संध्याकाळी सर मित्राकडे गेले. दोन खोल्यांचं घर, भिंतीला पुस्तकं, कॉटवर पुस्तकं, आणि मध्ये मित्र जुन्या परीक्षांच्या उत्तरपत्रिका दोरीने बांधत बसलेला. वाटेत सरांनी बोलायचं सगळं मनात जुळवलं होतं, नेहमीसारखं, क्रमवार. दारात पोचल्यावर त्यातलं काही उरलं नाही.

"झालास?" मित्राने विचारलं.

"झालो."

"बरं झालं. ये, बस." त्याने कॉटवरची पुस्तकं सरकवली.

सर बसले आणि रडायला लागले. बेचाळीस वर्षांचा माणूस, चष्मा हातात, रुमाल कुठल्या खिशात ते आठवेना. मित्राने त्यांना रडू दिलं आणि दोरीला गाठ मारली.

"पाच का दिलेस?" सरांनी शेवटी विचारलं. "मला लाजवायला?"

"नाही रे. एकच द्यायला बसलो होतो. खरंच सांगतो." तो सरांकडे न बघता बोलत होता. "पण एक दिला की ती चौकट उघडते, कारण लिहा म्हणून. लिहायला घेतलं. 'माझा मित्र' एवढं लिहिलं. अर्धा तास बसलो, त्याच्यापुढे काही लिहिता येईना. मग ते खोडलं आणि पाच दिले. पाचाला काही लिहावं लागत नाही."